‘पाँच’ चित्रपट आणि आपली परगावी राहणारी मुले

गेल्या महिन्यात येथे मंठ्यास आमच्या एका स्नेह्यांच्या घरी बापलेकांत मोठाच कलह झाला. शेतीची वाटणी नव्हे, लग्नाचा प्रश्न नव्हे, नोकरीही नव्हे. कलहाचे कारण होते एक चित्रपट. हे स्नेही शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले, स्वभावाने करारी, आणि स्नानसंध्या व गीतेचा एक अध्याय झाल्यावाचून चहाच्या पेल्यास न शिवणारे आहेत. चिरंजीव चार वर्षांपासून स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासासाठी पुण्यास राहतात. सणानिमित्त घरी आले असता त्यांनी रात्री जेवणे आटोपल्यावर आपल्या लहान संगणकावर वडिलांस ‘पाँच’ नावाचा हिंदी चित्रपट दाखवावयास घेतला. अर्ध्यावर वडील ताडकन उठले, संगणक मिटला, आणि “ही घाण माझ्या घरात? हेच शिकायला तुला पुण्यास ठेवला आहे काय?” असा त्यांनी जो भडिमार केला, तो शेजारच्या तीन घरांनी ऐकला. मुलगा एक शब्दही न बोलता गच्चीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिताजी आमच्याकडे न्याय मागावयास आले. “तुम्ही मासिकांतून लिहिता, तुम्हीच सांगा, असला चित्रपट चांगल्या घरातल्या मुलाने बापास दाखवावा काय?” न्याय देणाराने पुरावा पाहिल्यावाचून निकाल देऊ नये, ह्या नियमास अनुसरून आम्ही तो चित्रपट त्याच रात्री अथपासून इतिपर्यंत पाहिला. पाहून झाल्यावर बराच वेळ आम्हांस झोप आली नाही.

चित्रपटांची परीक्षणे लिहिणे हे ह्या सदराचे काम नव्हे. परंतु हा चित्रपट ज्या घटनेचा धागा धरून निघाला, ती घटना आपल्या महाराष्ट्रात, आपल्या वाचकांच्या घरांसारख्याच घरांत घडलेली आहे. आणि ज्या प्रश्नावर त्या बापलेकांचे भांडण झाले, तो प्रश्न आज ज्यांचे मूल परगावी खोली घेऊन राहते अशा प्रत्येक घराचा आहे. म्हणून ह्या महिन्याचे पान त्यास देत आहो.

प्रथम चित्रपटाविषयी. ‘पाँच’ हा अनुराग कश्यप ह्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. मुंबईतील पाच तरुणांची ही कथा आहे. चार मुलगे आणि एक मुलगी. त्यांचे पाश्चात्त्य धर्तीचे गायनवादनाचे मंडळ आहे, आपल्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघावी ही त्यांची महत्त्वाकांक्षा आहे, आणि त्यासाठी लागणारा पैसा त्यांच्यापाशी नाही. म्होरक्या ल्यूक; ती भूमिका के. के. मेनन ह्यांनी केली आहे. त्याच्या घरात बाकीचे पडून असतात, गांजा ओढतात, दारू पितात, एकमेकांस शिव्या देतात आणि एकमेकांवाचून त्यांना करमतही नाही. पुढे एका श्रीमंत मित्राच्या खोट्या अपहरणाचा बेत ठरतो. मित्र स्वतःच त्यात सामील असतो. त्याच्याच बापाकडून पैसा उकळावयाचा असतो. परंतु रागाच्या एका झटक्यात ल्यूकच्या हातून त्याचा खून होतो, आणि मग पहिला खून लपविण्यासाठी दुसरा, दुसरा लपविण्यासाठी तिसरा अशी ती गाडी उतारावरून सुटते. ही सारी हकीकत मंडळापैकी एकजण पोलिसांच्या चौकशीत सांगत आहे, अशी कथनाची रचना आहे.

सन २००० च्या पुढेमागे हा चित्रपट तयार झाला. परीक्षण मंडळाने त्यातील हिंसा, अमली पदार्थांचे सेवन आणि भाषा ह्यांस हरकत घेतली. एकही पात्र सज्जन नाही आणि समाजास काही बोध मिळत नाही, हाही एक आक्षेप सांगितला गेला. काही काटछाट होऊन परवानगी मिळाली असे म्हणतात; परंतु पुढे निर्मात्यांच्या अडचणी आडव्या आल्या. परदेशातील महोत्सवांत तो दाखविला गेला. मात्र आपल्याकडे रीतसर तिकीट काढून तो पाहण्याची सोय वीस वर्षे उलटली तरी झाली नव्हती. ज्यांनी पाहिला त्यांतील बहुतेकांनी हातोहात फिरणाऱ्या प्रतींवरच पाहिला. आमची प्रतही त्याच जातीची होती, आणि हे कायद्यास धरून नाही, हा दोष आम्ही पदरी घेतो.

आता मूळ घटनेविषयी. साठीच्या पुढच्या वाचकांस ती सांगावयास नको; परंतु घरातील तरुणांस तिचे नावच केवळ ठाऊक असते. कथानकातील पात्रे, शहर आणि काळ जरी निराळे असले, तरी चित्रपटाच्या मुळाशी पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड आहे. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चौघे टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयात व्यापारी कला शिकणारे विद्यार्थी होते. दुचाकी गाड्या चोरणे, मद्यपान करणे अशी त्यांची ख्याती महाविद्यालयात आधीच पसरलेली होती. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आपल्याच एका सहाध्यायास फसवून नेले. त्याच्या वडिलांचे महाविद्यालयापाशी उपाहारगृह होते. त्यांच्याकडून पैसा काढावा हा बेत. मी घर सोडून जात आहे, अशी चिठ्ठी त्या मुलाकडून लिहवून घेतली, त्याचा गळा आवळला आणि देह लोखंडी पिंपात घालून पेशवे उद्यानातील तळ्यात बुडविला. पैशाची मागणी करणारे पत्र त्यानंतर पाठविले! ३१ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री विजयानगर वसाहतीत जोशी कुटुंबातील तिघे मारले गेले. १ डिसेंबर १९७६ रोजी भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरी पाचजण मारले गेले. त्यांत आजोबा, आजी, नात, नातू आणि घरची वृद्ध मोलकरीण होती. २३ मार्च १९७७ रोजी आणखी एका मित्राचा धाकटा भाऊ गेला. चौदा महिन्यांत दहा जीव.

तो काळ आणीबाणीचा होता. वृत्तपत्रांवर नियंत्रणे होती, आणि जेथे बातमी कमी तेथे अफवा अधिक, असा नियमच असतो. पुण्यात दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत. त्या वेळी आमचे मंठा परभणी जिल्ह्यात मोडत होते. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. पुण्याहून इतक्या दूर असलेल्या ह्या गावातही त्या हिवाळ्यात लोक दारास आतून अडसर घालू लागले होते. ज्यांचा मुलगा किंवा भाऊ पुण्यास शिकत होता त्या घरांतून रोज पत्राची वाट पाहिली जाई. त्या मायबापांची भीती एकच होती, आपले मूल मारले तर जाणार नाही ना? मारणारेही कोणाची तरी शिकावयास गेलेली मुलेच असतील, हा विचार त्या वेळी कोणाच्याच मनास शिवला नाही. ३० मार्च १९७७ रोजी ते पकडले गेले, तेव्हा पुण्यास जो धक्का बसला तो ह्याच गोष्टीचा.

सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने चौघांस फाशीची शिक्षा दिली. वरच्या न्यायालयांनी ती कायम केली. आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. चौघांपैकी मुनव्वर शहा ह्याने तुरुंगात आपली हकीकत लिहिली. आपण अपराधी असल्याची कबुली त्या पुस्तकाच्या नावातच आहे. १९८६ साली ‘माफीचा साक्षीदार’ ह्या मराठी चित्रपटात नाना पाटेकर ह्यांनी म्होरक्याची भूमिका केली. म्हणजे ह्या विषयावर चित्रपट निघण्याची ‘पाँच’ ही काही पहिली वेळ नव्हे.

ह्या पार्श्वभूमीवर आमच्या स्नेह्यांचा आक्षेप तपासून पाहू. त्यांचे म्हणणे दुहेरी आहे. पहिले असे की, असले चित्रपट पाहून मुले बिघडतात. दुसरे असे की, ज्यात एकही माणूस अनुकरणीय नाही, ते पाहून मिळवावयाचे काय?

पहिल्या मुद्द्यात काही तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. म्होरक्याचे काम करणारा नट इतका समर्थ आहे की, कच्च्या वयाच्या मुलास त्या बेफामपणाची मोहिनी पडणे अशक्य नाही. अठरा वर्षांखालील मुलांनी हा चित्रपट पाहू नये, असेच आमचे स्पष्ट मत आहे. परंतु ज्या चौघांनी १९७६-७७ साली दहा खून केले त्यांनी ‘पाँच’ पाहिलेला नव्हता. तो निघावयास अजून पाव शतक होते. इंग्लंडातही अशीच एक गोष्ट घडली. दांडगाई करीत फिरणाऱ्या तरुणांच्या टोळीवर स्टॅनले कुब्रिक ह्यांनी ‘ए क्लॉकवर्क ऑरेंज’ हा चित्रपट १९७१ साली काढला. तो पाहून गुन्हे घडत आहेत अशी तिकडच्या पत्रांनी ओरड केली, तेव्हा १९७३ साली स्वतः कुब्रिक ह्यांच्याच इच्छेवरून तो ब्रिटनमध्ये दाखविणे बंद झाले. १९९९ साली त्यांचे निधन झाले, आणि पुढल्या वर्षी तो तेथे पुन्हा लागला. मधल्या सत्तावीस वर्षांत तो दिसत नव्हता म्हणून तेथील तरुणांतील दांडगाई संपली, असे काही झाले नाही. दिवा विझविल्याने खोलीतील विंचू जात नाही. तो कोठे आहे एवढेच दिसेनासे होते.

दुसरा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. चित्रपटात सज्जन माणूस नाही, हे खरे. परंतु आमच्या ध्यानात आली ती गोष्ट ह्याहून थोडी निराळी आहे. त्या पाचांच्या घरात कोणी विचारणारेच येत नाही. तेथे कधी एखादी आई येऊन “हे काय चालले आहे?” असे म्हणत नाही, कोणी काका, मामा, गुरुजी, शेजारी दार ठोठावून “इतक्या उशिरापर्यंत दिवा का?” असे पुसत नाही. बाहेरचे जग त्या घरात शिरते ते थेट पोलिसांच्या रूपाने. पाचही जण एकमेकांस ओळखतात, एकमेकांचे सारे काही जाणतात, आणि तरीही कोणी कोणास थांबवीत नाही. मंडळास हा दोष वाटला. आम्हांस ही त्या चित्रपटाची साक्ष वाटली.

आणि ही साक्ष इतिहासाशी जुळते. पुण्याच्या प्रकरणात जानेवारी १९७६ च्या पहिल्या अपहरणात आणखी एक सहाध्यायी होता. पुढे तोच माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबानीमुळे त्या मुलाच्या मृत्यूचा उलगडा झाला. परंतु केव्हा? चौदा महिन्यांनी, आरोपी पकडले गेल्यावर. पोलिसांचा तपास चालू असता दुसरा एक वर्गबंधू अखेर मनाने खचून बोलता झाला, तोही तेव्हाच. त्या चौदा महिन्यांत आणखी नऊ माणसे गेली. भीती, मैत्रीची आण, “आपल्याला काय करायचे” ही वृत्ती, असली अनेक कारणे त्या मौनास असतील. कारणे काहीही असोत, त्या मौनाची किंमत ज्यांनी दिली त्यांत ज्यांचा ह्या मुलांशी काडीचाही संबंध नव्हता अशी माणसे होती.

येथेच चित्रपटाविरुद्ध आमचीही एक तक्रार नोंदवून ठेवतो. त्याचे सारे लक्ष मारणारांवर आहे. मरणारे त्यात केवळ येतात आणि जातात. अभ्यंकरांच्या घरातील आजोबा म्हणजे काशिनाथशास्त्री अभ्यंकर. त्यांनी इंग्रजीत रचलेला संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ साली प्रसिद्ध झाला आणि आजही व्याकरणाच्या अभ्यासकांस त्यावाचून चालत नाही. त्यांचा ‘परिभाषासंग्रह’ १९६७ सालचा. वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री ह्यांनी पतंजलींच्या महाभाष्याचे मराठीत भाषांतर केले. दोन पिढ्यांची ती विद्या, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो पंडित एका संध्याकाळी नातवंडांसह संपला. त्याच घरात राबणारी ती वृद्ध स्त्री कोणताही कोश मागे ठेवून गेली नाही. पण तिचाही जीव तेवढ्याच मोलाचा. कलावंतास मारणाराच्या मनात शिरण्याचा अधिकार आहे. पण प्रेक्षकाने तेथून बाहेर पडताना मेलेल्यांच्या ओसरीवरून जावे, एवढी वाट तरी त्याने ठेवावयास हवी होती. ती ‘पाँच’मध्ये नाही.

एवढा विचार करून, दोघांनाही थोडेथोडे दोषी ठरविणारा एक निकाल आम्ही मनात तयार केला होता. तो आम्हांस देता आला नाही. कारण त्या दुपारी चिरंजीव आमच्याकडे आले, आणि त्यांनी जे सांगितले त्यावरून खटला निराळाच आहे असे दिसून आले. पुढील हकीकत संबंधित दोन्ही घरांच्या संमतीने, नावनिशाणी गाळून देत आहो.

“काका, तो चित्रपट फार आवडला म्हणून मी बाबांना दाखवत नव्हतो,” तो म्हणाला.

“मग कशासाठी?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमच्या खोलीतही आम्ही पाचजण आहोत.”

त्याची हकीकत अशी. सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर ही पाच मुले राहतात, सगळी मराठवाड्याची. सकाळी अभ्यासिका, दुपारी खाणावळ, रात्री पुन्हा अभ्यासिका. त्यांतील एकजण आमच्याच भागातील एका खेड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, बुद्धीने पाचांत तल्लख. तीनदा परीक्षा दिली, तिन्ही वेळा थोडक्यात हुकली. चौथ्या वेळी निकाल लागल्यापासून तो अभ्यासिकेत गेलेला नाही. दिवसभर निजून असतो, रात्रभर मोबाईलवर पैजांचे खेळ खेळतो. घरून येणारा पैसा त्यात गेला, मग मित्रांकडून उसने, मग मोबाईलवरूनच मिळणारे व्याजी कर्ज. अलीकडे दारू. घरून आईचा फोन आला म्हणजे तो घेत नाही, बाकीचे चौघे पाळीपाळीने सांगतात, “काकू, तो अभ्यासिकेत आहे, तिथे फोन लागत नाही.” त्याने त्यांस शपथ घातली आहे.

“आम्ही चौघे रोज एका आईशी खोटे बोलतो,” मुलगा म्हणाला. “इकडे यायला निघालो त्याच्या आदल्या रात्री तो मला म्हणाला, मी नसलो तर तुम्हांला खोलीभाडे जास्त पडेल, एवढेच. मला त्याची भीती वाटते, काका. पण बाबांना सरळ सांगितले असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, तूही पितोस का? म्हणून म्हटले, आधी हा चित्रपट दाखवावा. एका खोलीत पाचजण असतात आणि कोणीच बोलत नाही म्हणजे काय होते, हे त्यांनी पाहावे. आणि मग सांगावे. पण बाबा मध्येच उठले.”

वाचकहो, आमचा निकाल तेथेच फाटला. ज्यास आम्ही व आमचे स्नेही उद्धटपणा समजत होतो, ती एक प्रकारची चिठ्ठी होती. मुलाच्या तोंडी शब्द येत नव्हते, म्हणून त्याने दुसऱ्याची गोष्ट पुढे केली. आणि बापाने गोष्ट अर्धवट टाकली, त्याबरोबर चिठ्ठीही न वाचताच राहिली. आम्ही त्याच पावली त्याला घेऊन त्याच्या घरी गेलो. पिताजी झोपाळ्यावर बसले होते. मुलाने सारे सांगितले. आमच्या स्नेह्यांचा स्वभाव आम्ही वर वर्णिला आहे, परंतु त्या दिवशी त्यांनी “तूही पितोस का?” हा प्रश्न विचारला नाही. थोडा वेळ ते स्तब्ध बसले आणि म्हणाले, “त्याच्या वडिलांचा नंबर आहे का तुझ्याजवळ?” वहिनींनी तर मागचेपुढे न पाहता आत जाऊन पिशवी भरावयास घेतली.

त्या मुलाचे वडील संध्याकाळी खेड्याहून आले आणि त्याच रात्रीच्या गाडीने बाप, आमचे स्नेही व चिरंजीव असे तिघे पुण्यास गेले. मुलगा खोलीतच सापडला. बापास दारात पाहून त्याने तोंड फिरवून घेतले, आणि बाप त्याच्या अंथरुणावर जाऊन बसला, एवढेच आम्हांस सांगण्यात आले. त्याहून अधिक आम्ही विचारले नाही. आज तो घरी आहे. जालन्यास मनाच्या विकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याचे जाणे चालू आहे. कर्जाचा आकडा मोठा आहे आणि तो बापास झोप लागू देत नाही. मुलगा फारसा बोलत नाही. पण जेवतो, आणि संध्याकाळी बापाबरोबर शेताकडे जातो. सर्व काही ठीक झाले, असे लिहून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाही. वेळ मात्र गेलेली नव्हती, एवढे खरे.

आता ह्या मुलाची आणि पुण्याच्या त्या चौघांची आम्ही बरोबरी करीत आहो, असा अर्थ कोणी काढू नये. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतून मराठवाड्याची व विदर्भाची जी हजारो मुले काटकसरीने राहून अभ्यास करतात ती बहुतेक कष्टाळू, सालस आणि आईबापांच्या पैशाची जाण असणारी आहेत. त्यांच्याकडे संशयाने पाहणे हा अन्याय होईल. कोणाचा विनाश दुसऱ्याचा गळा आवळण्यापर्यंत जातो; बहुतेकांचा आपल्याच जिवावर उतरतो. परंतु दोन्ही वाटा ज्या पहिल्या उंबऱ्यावरून जातात तो एकच आहे. ज्या खोलीत सर्वांना सर्व ठाऊक असते आणि कोणी कोणास काही सांगत नाही, तो हा उंबरा. ‘पाँच’ हा चित्रपट त्या खोलीचे दार उघडून दाखवितो. त्यातील भाषा ओंगळ आहे, दृश्ये अंगावर येणारी आहेत, आणि ती मुलाबाळांत बसून पाहण्याजोगी नाहीत. तथापि ज्यांची मुले परगावी राहतात अशा वडील माणसांनी तो एकदा पाहण्यास हरकत नाही, असे आमचे मत झाले आहे. १९७० च्या सुमारास तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ ह्या नाटकांवरून आपल्या घराघरांत असाच वाद माजला होता. जे आपल्या समाजात आहे ते रंगभूमीवर दिसू नये, असे म्हणणारांनी त्या वेळीही आवाज मोठा केला होता. आज तीच नाटके विद्यापीठांतून अभ्यासिली जातात.

परंतु चित्रपट पाहणे वा न पाहणे हा भाग गौण आहे. मुख्य गोष्ट निराळी आहे. मुलास फोनवर आपण काय विचारतो, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. “जेवलास का? पैसे पोहोचले का? अभ्यास कसा चालला आहे?” ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका शब्दात देता येतात, आणि तो शब्द खोटा असला तरी कळत नाही. त्याऐवजी “तुझ्या खोलीत कोण कोण आहे, त्यांचे कसे चालले आहे?” असे विचारून पाहावे. मुलगा स्वतःविषयी बोलणार नाही, पण मित्राविषयी बोलेल. आणि मित्राविषयी बोलता बोलता स्वतःविषयीही बोलेल. खोलीतील इतर मुलांच्या आईबापांचे फोन नंबर आपल्यापाशी असावेत. वर्षातून एकदोनदा, आगाऊ कळवून, डबा घेऊन त्या खोलीवर जावे. हेरगिरीसाठी नव्हे, तर त्या पाचांस आपले असे कोणी आहे हे दिसावे म्हणून. आणि कोणी मूल ‘मी नसलो तर’ ह्या शब्दांनी वाक्य सुरू करील, तर ते वाक्य थट्टेवारी नेऊ नये. अशा प्रसंगी काय करावे हे कळत नसेल, तर शासनाने २०२२ सालापासून टेलि-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केल्यास मनाच्या दुखण्यावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक पंचांगाच्या शेजारी भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

तरुण वाचकांसही एक सांगणे आहे. मित्राने घातलेली शपथ मोडणे हा विश्वासघात वाटतो. परंतु जी शपथ पाळल्याने मित्राचे किंवा दुसऱ्या कोणाचे प्राण धोक्यात येतात, ती शपथच नव्हे. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजिवांनी ती मोडली. बाकीचे तिघे मित्र आता त्याच्यावर रुसले आहेत असे कळते, आणि ज्याच्यासाठी मोडली तोही त्याच्याशी अद्याप बोलत नाही. त्याने ते सोसावे. चौदा महिने गप्प राहून मग न्यायालयात बोलण्यापेक्षा हे पुष्कळ हलके ओझे आहे.

सणाची सुटी संपून चिरंजीव परवा पुन्हा पुण्यास गेले. निघण्याच्या आदल्या रात्री त्या घरी पुन्हा तो संगणक उघडला गेला. राहिलेला अर्धा चित्रपट पिताजींनी पाहिला. मध्ये दोनदा मान फिरविली, पण उठले नाहीत. सकाळी आम्ही विचारले, “कसा वाटला?”

“घाणच आहे,” ते म्हणाले. मग उपरण्याने चष्मा पुसत म्हणाले, “पण परवाच उठायला नको होते मी.”